अण्णांचा नंबर

सिंधूताईंची पूजा आटोपेपर्यंत घरची बोलकी संपर्कवही गप्प होती. मग म्हणाली, "ताई, सुधाकरअण्णांचा नंबर पाच वर्षं वापरला नाही. ठेवू की काढू? दोन्ही घरं 'ठेव' म्हणाली तरच राहील."

ताईंच्या हातातलं निरांजन थबकलं. पाच वर्षांपूर्वी रामाच्या उत्सवात बुवा वनवासाचं आख्यान कळवळून सांगत होते आणि थोरले भाऊ अण्णा चक्क पेंगत होते. ताईंनी त्यांना कोपराने ढोसलं. कीर्तन संपलं असं वाटून अण्णा दचकून उठले आणि टाळ्या वाजवत खड्या आवाजात आरती म्हणू लागले. बुवांसकट सगळा मंडप हसला. तेव्हापासून अण्णांनी बहिणीशी बोलणं टाकलं होतं.

"ठेव गं बाई," ताई म्हणाल्या. "पण तो रुसूबाई कसला ठेवतोय!"

वहीने अण्णांच्या घरच्या वहीला विचारलं. ताई डोळे मिटून रामनाम घेत राहिल्या.

"त्यांनीही 'ठेव' सांगितलंय," वही म्हणाली. "शिवाय निरोप आहे. 'सिंधे, यंदा उत्सवाला येतोय. शेजारीच बस. पण या खेपेला आरतीलाच उठव.'"