हरवलेल्यांचा तंबू

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण शहराच्या उन्हाळी मेळ्यात हरवलेल्या पोरांच्या तंबूत मी एकतीस वर्षं पुकारा केला. आधी हातात पत्र्याचा कर्णा होता, मग माइक आला, खांबाखांबावर भोंगे आले. सुरुवातीला घरी आम्ही नवराबायको दोघंच, त्यामुळे वर्षभर मी त्या मेळ्याची वाट बघायचो.

पोराचं नाव मी कधी पुकारायचो नाही, फक्त कपडे. "निळा सदरा, एकाच पायात चप्पल, नाकाला आइस्क्रीम!" नाव आईबापांनी धापा टाकत येऊन सांगायचं. जुळलं की पोर त्यांच्या हवाली.

"आजोबा, आणि न्यायला कुणी आलंच नाही तर?" धाकट्या नातवाने विचारलं.

"छे रे. माझा आवाज पार नदीपल्याड जायचा. आकाशपाळण्यात वर अडकलेले बाप तिथूनच ओरडायचे, 'आमचाच आहे तो, धरून ठेवा!' एकतीस वर्षांत मी पुकारलं आणि तासाभरात न्यायला कुणी आलं नाही, असं एकदाही झालं नाही. गळ्याशपथ."

नातवंडं खिदळली. मागे माझी लेक कपड्यांना इस्त्री करत होती. तिचा हात थांबला.



"बाबा, माझा पिवळा फ्रॉक तुम्ही तीन दिवस पुकारलात आणि कुणीच आलं नाही, असं मला आजवर सांगत आलात. एकदा तरी पुकारलात का?"