चिंचेचं बुटुक

नातीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ आला होता आणि हरबा गुरवाच्या सनईतून नुसती हवा फुसफुसत होती. बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या गोळ्यांनी तोंड असं सुकवलं होतं, की सनईची पत्ती भिजेना. पाण्याचा घोट घ्यावा, तर दोन फुंकरींत जीभ पुन्हा टाळूला चिकटायची.

“राहू द्या आबा, स्पीकरवर लावतो,” मुलगा हळूच म्हणाला.

तेवढ्यात समोर हरबाच्याच वयाचा गेनबा येऊन बसला. पोरवयात यानंच भर मांडवात समोर चिंच चोखून हरबाच्या तोंडाला पाणी आणलं होतं. सूर फाटला, बापानं चारचौघांत मुस्काटात दिली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

आज गेनबानं खिशातून पुन्हा चिंचेचं बुटुक काढलं आणि हरबाकडे बघत मचमच चोखायला लागला.

“लेका, म्हातारा झालास तरी खोड गेली नाही तुझी!” हरबा भडकला, आणि त्या रागातच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं घाईनं पत्ती ओठांत धरली. सनई वाजली.

उरलेसुरले दात आंबले, तरी वऱ्हाड जेवून उठेपर्यंत गेनबा तिथंच चिंच चोखत बसला होता.