बाण सांगेल तिकडे

“बाण डावीकडे दाखवतोय आणि तुम्ही चाललात उजवीकडे,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गात असतात तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.”

मास्तर निमूटपणे डावीकडे वळले.

बाईंचा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेला होता. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आयुष्यभर कापडावर खडूने सरळ रेघा मारल्या, पण रस्त्याने सरळ चालायची बोंब, असं बाईंचं मत होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवत.

हा डब्या शोधायचा खेळ घरात आणला लेकीने. कुणीतरी कुठेतरी डबी लपवतं, त्या जागेचे नकाशावरचे आकडे सगळ्यांना देतं. आपण फोनमधल्या बाणामागे जाऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. मुख्य म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला सुगावा लागू द्यायचा नाही.

“मिळतं काय?” बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“काही नाही,” लेक म्हणाली होती. “शोधायची मजा.”

ती मजा अजून यायची होती. बागेतली डबी सापडली नाही, वाचनालयामागची सापडली नाही. कारण उघड होतं. बाई बाणाकडे लक्ष देऊ लागल्या की मास्तर मध्येच विचारणार, “दमलीस का?” की लक्ष उडालंच.

आज मात्र खेळ नव्हता, परीक्षा होती.

गेल्या महिन्यात मास्तर बाजारात हरवले. बाई होत्या तिथून तसूभर हलल्या नव्हत्या. मास्तरच कुठे भटकत गेले देव जाणे. दिवस कलल्यावर घामाघूम होऊन उगवले आणि वर बाईंचाच हात असा घट्ट धरला, जशी चूक बाईंची! तेव्हापासून लेकीने दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी बसवली. तिच्याशिवाय दोघांनी बाहेर पडायचं नाही. जन्मात संध्याकाळची फेरी न चुकवलेल्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच्या वेंधळेपणाची शिक्षा दुसऱ्याने का भोगायची? त्या भांड-भांड भांडल्या. शेवटी लेक म्हणाली, “बरं. मी एक डबी लपवते. चौकापासून तिथवर तुम्ही दोघं पोचलात, मी एक शब्दही न सांगता, तर कडी काढते. फोन मात्र आई, तुझ्या हातात.”

हे काय सांगायला हवं होतं? मास्तरांच्या हातात फोन देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

लेक मागून येत होती, तोंडाला कुलूप लावून. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना बैठी घरं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हात वर केला. “काय मास्तर, झालं फिरून?”

“झालंच,” म्हणत मास्तर थांबले.

बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. “सुगावा लागू द्यायचा नाही म्हणतात ना? दिसला माणूस की लागले गप्पा मारायला!”

पुढे औषधांच्या दुकानातून एक जण वाकून म्हणाला, “बाई, बऱ्या आहात ना?” आपलाच विद्यार्थी असणार. बाईंनी करड्या चेहऱ्याने मान हलवली. इतकी पोरं शिकवली की लपून काही करायची सोय राहत नाही.

पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटले. बाण एकदा इकडे, एकदा तिकडे डोलायला लागला.

“हे यंत्रही तुमच्यावरच गेलंय,” बाई करवादल्या. “एक धड सांगेल तर शपथ!”

मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मागून लेक म्हणाली, “बाबा, नाही.”

बाईंना एकदम रडू आल्यासारखं झालं. कडी डोळ्यांसमोर आली. आज हरलो तर उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून काढायचं, या माणसापायी. त्यांनी डोळे मिटले, कवायतीला उभं राहावं तशा ताठ झाल्या आणि जागच्या जागी हळूहळू वळू लागल्या. डोळे उघडले तेव्हा बाण स्थिर होता.

“इकडे,” त्या म्हणाल्या. “चला. पाय उचला.”

तो रस्ता एका लोखंडी फाटकापाशी आला. फोन थरथरला. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत छोटंसं अंगण आणि बंद दार. मास्तर लगेच पायपुसणं उचलून बघायला लागले.

“तिथे कोण ठेवतं?” बाईंनी कपाळाला हात लावला. “बाजूला व्हा.” त्या खिडकीखाली वाकल्या, कुंड्यांच्या मागे हात घातला आणि पत्र्याची डबी बाहेर काढली.

त्यांनी कागदावर ठसठशीत सही केली. मास्तरांनाही करायला लावली, ती कुठे करायची ते बोटाने दाखवून. मग डबी जागेवर ठेवून त्या लेकीकडे वळल्या. “आलो की नाही? आता काढ ती कडी!”

“काढते, आई,” लेक म्हणाली. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मास्तर चष्मा पुसत होते.

“जिंकल्यावर असे चेहरे करतात का?” बाई वैतागल्या. मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “चला, निघा आता पटकन. लोकांच्या अंगणात किती वेळ उभं राहायचं? घरातलं कुणी आलं तर काय सांगणार?”

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं.