घंटेचा सूर

बस विद्यापीठ चौकात सिग्नलला थांबली, शेजारच्या सहा आसनी रिक्षानं उघड्या खिडकीतून धूर आत सोडला, चैतालीला शिंक आली आणि सूर गेला.

गेला म्हणजे साफ गेला. शिंकेच्या आधी तो नाकाच्या मुळाशी घुमत होता. शिंकेनंतर तिथं नुसती हुळहुळ. चैतालीनं घाईघाईनं ओठ मिटले आणि जो हाताला लागला तो सूर धरून पुन्हा 'म्ऽऽ' चालू केलं. गटाची म्होरकी स्पृहा तिच्या शेजारीच बसली होती. तिला काही कळलं नाही. तिनं उलट चैतालीच्या गळ्याभोवतीचा स्कार्फ नीट केला.

सूर हरवणं म्हणजे काही पाकीट हरवणं नव्हे. नारायण पेठेतल्या या मुलींच्या कॉलेजात तर नव्हेच. त्यांच्या गटाला वाद्य चालत नाही. फार पूर्वी एका गॅदरिंगला पेटीवाले काका ऐन वेळी उगवलेच नाहीत. तेवढ्यात दिगंबर शिपायानं व्हरांड्यातल्या पितळी घंटेवर टोल दिला, मुलींनी तोच सूर उचलला आणि अशा काही गायल्या, की दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवण्यात आलं. तेव्हापासून पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे आणि घंटेचा सूर. तो पेटीवर सापडत नाही. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधेच कुठंतरी लोंबकळतो. एकदा टेप करून नेला, तर सेल उतरलेले निघाले. म्हणून स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी घंटेखाली उभी राहते, सूर घेते आणि गुणगुणत रंगमंचापर्यंत नेते. वाटेत ती कुणाशी बोलत नाही, कुणी तिच्याशी बोलत नाही. या मानासाठी रुसवेफुगवेही होतात.

गेल्या वर्षापर्यंत सूर टिळक रोडपर्यंतच न्यावा लागे. यंदा स्पर्धा एका सॉफ्टवेअर कंपनीनं भरवली होती, थेट हिंजवडीला. आणि मान मिळाला होता पहिल्या वर्षाच्या चैतालीला. खडकीच्या क्वार्टर्समधून येणारी, गाण्याच्या क्लासचं तोंडही न पाहिलेली मुलगी! "हिचा आवाज हलत नाही," एवढंच म्हणून स्पृहानं तिला निवडलं, तेव्हा दोघी-तिघींनी नाकं मुरडली होती. त्याच आता मागच्या सीटवर श्वाससुद्धा बेतानं घेत होत्या. चैतालीला रडू येत होतं, पण ओठ मिटून गुणगुणताना रडताही येत नाही.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं सगळ्यांना खाली उतरवलं.

"ज्याचं त्यानं नाव सांगायचं."

बाकीच्यांनी सांगितलं. चैताली 'म्ऽऽ' करत उभी.

"या मॅडमला बोलता येत नाही का?"

"येतं. पण आत्ता नाही," स्पृहा म्हणाली.

"मग पासपण आत्ता नाही."

संधी नामी होती. तोंड उघडून नाव सांगितलं की सूर मोडला, आणि खापर या माणसाच्या डोक्यावर. चैताली सुटली. पण तिनं स्पृहाचा चेहरा पाहिला. स्पृहानं त्याला जिवंत सोडलं नसतं, आणि बिचाऱ्यानं केलं काय होतं? चैतालीनं श्वास घेतला आणि एकाच सुरात लांबलचक गायलं, "चैऽताऽलीऽ गाऽयकवाऽऽड!" पोरींनी टाळ्या पिटल्या. सिक्युरिटीवाल्यानं पास दिला, पण तिच्याकडे न बघता.

मागची दोन वर्षं सूर नेणारी हेमाताई आता याच कंपनीत लागली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती त्यांना घ्यायला आली आणि थेट विंगेत घेऊन गेली. चैतालीनं तिच्याकडे केविलवाणं पाहिलं. हेमाताई नुसती हसली आणि तिला पुढं ढकललं.

दिवे लागले. सगळ्या चैतालीकडे वळल्या. गुणगुणता गुणगुणता आपण किती घसरलो, किती चढलो, हे तिला आता काहीच सांगता येत नव्हतं. ती थांबली. मग खडकीच्या विहारात दर रविवारी, मागं आई, आजी आणि सगळे क्वार्टर्सवाले बसलेले असताना, वंदना सुरू करायला ती जिथून आवाज उचलायची, तिथूनच तिनं तो उचलला. तिच्या हक्काचा तेवढा एकच सूर होता.

बाकीच्या अलगद येऊन त्यात मिसळल्या. जात्यावरच्या ओव्या चार आवाजांत अशा फिरू लागल्या, की पहिल्या रांगेतल्या साहेबांनी हातातला मोबाइल खिशात टाकला. चैतालीची भीती कधीच पळाली होती. इतकं मोकळं ती खडकीबाहेर कधी गायली नव्हती.

विंगेत येताच स्पृहानं तिला घट्ट मिठी मारली. "अगदी घंटेचा, गं! केसभरसुद्धा इकडे-तिकडे नाही!" आणि ती सगळ्यांना घेऊन निकाल ऐकायला धावली.

हेमाताई मागं राहिली. जवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "कुठं सुटला?"

चैतालीचा चेहरा उतरला. पण हेमाताईशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"विद्यापीठ चौकात. शिंक आली."

"विद्यापीठ चौकात?" हेमाताईचे डोळे विस्फारले. "एवढ्या लांब आणलास? अगं, माझा दोन्ही वर्षी नारायण पेठेतच राहिला!"