बडबडीचं पान

फोटोतल्या मुलीला पुढचे दोन दात नव्हते आणि फोटोखाली लिहिलं होतं, वय वर्षं चौदा.

आजारी मुलांना रक्तदाते मिळवून देणाऱ्या संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या ताईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. टोपणनाव बडबडी. रक्तगट ओ निगेटिव्ह. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, दाते हवेत. चौदा वर्षांची घोडी कधी असं बोळकं दाखवून हसते होय?

तिनं कपाटातून फाइल काढली. शेवटचा कागद सात वर्षांपूर्वीचा होता. बडबडी सात वर्षांची असतानाच गेली होती.

साइटवर मुलांचं वय कोणी लिहीत नसे. जन्मतारीख एकदा भरली की दर वाढदिवसाला साइट आपली आपण एक वर्ष पुढे सरकायची. मूल गेलं की त्याचं पान बंद करायचं, हा नियम होता. पण ते बटण दाबायला कोणाचा हात धजायचा नाही. वॉर्डातल्या सिस्टरला वाटायचं ऑफिसवाले करतील, ऑफिसवाल्यांना वाटायचं सिस्टर करेल. एरवी पंख्याखालच्या खुर्चीवरून हमरीतुमरीवर येणारी ही माणसं या एका कामात मात्र ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिली. ताई स्वतः इथे पाच वर्षं होती. त्या पानावरून तिनं शंभरदा नजर फिरवली असेल. तेव्हा डोळे काय खुंटीला टांगले होते?

मग पान किती जणांनी पाहिलं ते तिनं तपासलं. रोज कोणीतरी ते उघडत होतं. एका दिवसाचा खाडा नाही.

“आत्ताच्या आत्ता काढ,” संस्थेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं नर्स होत्या त्या. रडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. “गेलेल्या लेकराच्या नावानं रक्त मागतोय आपण. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतील लोक, आणि त्यांचं काय चुकलं?” एवढं बोलून त्या उगीचच खिडकी लावायला उठल्या.

ताईनं पान काढलं. जुन्या प्रती होत्या, त्याही पुसल्या. चुकूनसुद्धा पुन्हा वर यायला नको. काम दोन मिनिटांचं होतं.

पण रात्री तिला झोप लागेना. परक्यांनी बघितलं ते बघितलं. त्या आईबापांच्या नजरेला पडलं असेल तर? पोटची पोर गेलेली, आणि इथे तिच्यासाठी अजून दाते शोधतायत. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? माफी मागायलाच हवी होती, आणि तीही समोर जाऊन. फोनवरची माफी म्हणजे नुसत्या पाट्या टाकणं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती फाइलमधल्या पत्त्यावर गेली. तिसरा मजला, जिन्यात सायकली. दार वडिलांनी उघडलं. अंगात शाळेच्या बसचालकाचा निळा शर्ट, तोही अजून न बदललेला. आत आई टेबलाशी बसली होती, समोर मोबाइल. ताईनं संस्थेचं नाव सांगितलं तशी आई ताडकन उठली.

“बरं झालं बाई, तुम्हीच आलात,” ती म्हणाली. “सकाळपासून तुमची साइट उघडतेय. बडबडीचं पानच सापडत नाही.”

ताईनं पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. चूक आमचीच आहे. सात वर्षं ते पान तसंच राहिलं. काल मी स्वतः काढलं, जुन्या प्रतींसकट. आता ते पुन्हा कधीच दिसणार नाही. तुम्हाला किती त्रास झाला असेल, मला बोलायला तोंड नाही.

आई हळूच खुर्चीत बसली.

“कधीच नाही?” वडिलांनी विचारलं.

“नाही.”

“आज तिचा वाढदिवस आहे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. “ही तर रोजच पान उघडते. दरवर्षी या दिवशी मात्र आम्ही दोघं मिळून उघडतो. आज पंधरा दिसायला हवं होतं. मी शाळेची बस चालवतो ना. ती बाराची झाली तेव्हा बारा वर्षांच्या पोरी काय बोलतात, कशावरून रुसतात, तिकडे वर्षभर कान असायचा माझा. घरी आलो की हिला सांगायचो. तेराला तेराच्या. यंदा पंधराच्या पोरी, मागच्या बाकावरच्या. फार हसतात त्या.”

काहीतरी बोलायचं म्हणून ताई बोलली, आणि बोलता बोलताच स्वतःची लाज वाटली.

“पण दादा, वय तर तुम्हाला घरीही मोजता येईल.”

उत्तर आईनं दिलं. मोबाइल तिनं पालथा घातला होता.

“आम्ही मोजलं की लोक वेड लागलं म्हणतात, ताई. तुमच्याकडे ते लिहिलेलं असायचं.”