तिळाएवढं तांबं

महादेवपुऱ्यातल्या लॅबमध्ये मैत्रेयीने वर्षभर डोळे फोडून नखाएवढा मायक्रोवेव्ह फिल्टर, म्हणजे हवी तीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारा भाग, बनवला. शेवटपर्यंत फ्रिक्वेन्सी जुळेना, तेव्हा तिने तिळाएवढं तांबं चिमट्याने नेमक्या जागी चिकटवलं आणि फिल्टर सुतासारखा सरळ झाला.

डेमोच्या सकाळी तिचा बॉस शंतनु म्हणाला, "कस्टमरला हे डिझाइन माझं म्हणून सांगितलंय. तू फक्त केबल जोडायची. मध्ये तोंड उघडायचं नाही. समजलं?"

"समजलं, सर."

कस्टमर येऊन बसले. शंतनुने ऐटीत फिल्टर भिंगाखाली धरला आणि नाक मुरडलं. "बघा, कसा कचरा ठेवतात ही पोरं!" म्हणत त्याने ते तांबं नखाने खरवडून उडवून दिलं.

मैत्रेयीच्या अगदी जिभेवर ‘सर, थांबा’ आलं होतं. तिने ते चवीने गिळलं आणि केबल जोडली.

मोजणी यंत्राच्या पडद्यावरची फ्रिक्वेन्सीची रेघ भलतीकडेच जाऊन बसली. कस्टमर एकमेकांकडे बघायला लागले. शंतनुला दरदरून घाम फुटला.

"अगं मैत्रेयी, सांग ना यांना, काय झालं ते!"


मैत्रेयीने गोड हसून ओठांवर बोट ठेवलं.