जपलेली खोली

नदीकाठच्या नव्या सायकल मार्गावर जायची टूम सुनेने काढली आणि सासूबाई चक्क तयार झाल्या. भाड्याच्या तीनचाकी सायकलवर बसून त्या सुनेच्याही पुढे निघाल्या. दगडी पूल झाला, जुनी जकात कचेरी झाली. प्रत्येक पाटीपाशी थांबून सून मोठ्याने माहिती वाचायची आणि सासूबाई नुसतं "हं, हं" करायच्या.

शेवटचा थांबा म्हणजे गोदी कामगारांच्या वस्तीतली जपून ठेवलेली एकुलती एक खोली. आत लोखंडी शेगडी, पत्र्याची ट्रंक आणि मध्ये आडवी दोरी. सासूबाई दारातच थबकल्या. मग सरळ दोरी ओलांडून आत गेल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या.

"अहो आई, काय करताय?" सून घाबरली.

"अगं, आमचीच खोली ही! माझे वडील धक्क्यावर हमाल होते. इथे बसून मी त्यांची वाट बघायचे. जागा अजून तश्शीच गार आहे बघ."

तेवढ्यात वॉचमन धावत आला. "आजी, उठा बघू आधी! आत बसायला मनाई आहे. ऐतिहासिक वास्तू आहे ही, जपावी लागते."

सासूबाईंनी कट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि मुकाट्याने उठल्या. सुनेचा हात धरून दोरीबाहेर आल्या, तेव्हा त्यांना हसूच फुटलं.

"बरं बाबा. मागच्या वेळी ही खोली पाडायची म्हणून आम्हाला बाहेर काढलं होतं, आता जपायची म्हणून काढताय!"